सहा इंचांपर्यंत

खेळ आला की नियम आले, आणि नियम आले की भांडण ठरलेलेच. गोट्यांत वीत घालताना बोट सरकले, कॅरममध्ये राणी झाकली गेली नाही, लपंडावात राज्य घेणाऱ्याचे डोळे किलकिले होते, अशी भांडणे आपण सर्वांनी पोटभर केलेली आहेत. मात्र ती खरी नियमांची भांडणे नव्हेत. तिथे दुमत असते ते काय घडले याविषयी. ज्याने पाहिले तो सांगतो, ज्याने पाहिले नाही तो जास्त मोठ्याने सांगतो. याहून वेगळ्या जातीचे एक भांडण आहे. काय घडले ते दोघांनाही मान्य असते, नियम दोघांनाही पाठ असतो, लबाडी कोणाच्याच मनात नसते, आणि तरीही एक म्हणतो सैनिक मेला आणि दुसरा म्हणतो जिवंत आहे. आपण अशा वेळी 'रडीचा डाव' म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. रडी खाणारा निराळा आणि नियमाच्या फटीत पाय अडकलेला निराळा.

ही फट सर्वांत जास्त जिथे दिसते, तो खेळ म्हणजे छोट्या सैनिकांची लढाई. टेबलावर किंवा जमिनीवर बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे, पट्टीने अंतर मोजून त्यांना पुढे सरकवायचे आणि कोण पडले, कोण उरले हे फासे टाकून ठरवायचे, असा हा खेळ. पाश्चात्त्य देशांत मोठी माणसेही तो गंभीरपणे खेळतात. बुद्धिबळाशी त्याचे नाते आहे, पण एक मोठा फरक आहे. बुद्धिबळात घोडा पांढऱ्या घरात असतो किंवा काळ्या. दोहोंमधल्या रेघेवर तो उभा राहूच शकत नाही. या खेळात घरेच नसतात. सैनिक कुठेही उभा राहू शकतो, भिंतीला अर्धा टेकून, दगडाआड पाऊण लपून, उतारावर तिरका होऊन. म्हणजे सगळी जमीन ही एक रेघच झाली, आणि नियम लिहिणाऱ्याने कितीही डोके चालवले तरी त्या रेघेवरची प्रत्येक जागा त्याच्या डोळ्यांपुढे येणे शक्य नाही.

आता अडले तर निकाल कोणी द्यायचा? या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे म्हणजेच या खेळाचा इतिहास, असे म्हटले तरी चालेल. १८१२ साली प्रशियात फॉन राइसविट्झ नावाच्या एका बॅरनने राजापुढे असा खेळ मांडला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये त्याचे नियमपुस्तक छापले आणि प्रशियाच्या सैन्याने ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलले. त्यात दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे. खेळाडूंनी हुकूम कागदावर लिहून द्यायचे, सोंगट्या पंचाने हलवायच्या, आणि माऱ्याचा परिणाम फासा टाकून कोष्टकात पाहायचा. पुढे या कोष्टकांचाच लोकांना कंटाळा आला. तेव्हा १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सुचवले की कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाने आपल्या बुद्धीने निकाल द्यावा. लष्करात हे ठीक आहे, कारण पंच हुद्द्याने वरचा असतो आणि त्याच्यापुढे कोणी 'पण का?' असे विचारत नाही.

विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून हा खेळ घराघरांत आणला. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखरच गोळी उडवायची. जो सैनिक आडवा झाला तो मेला, वाद नको. हातघाईसाठी त्यांनी आधी नाणे उडवून पाहिले आणि ते सोडून शेवटी गणित धरले, म्हणजे सारख्याला सारखे मरायचे. त्यानंतर इंग्लंडात १९८३ साली 'वॉरहॅमर' आणि १९८७ साली 'वॉरहॅमर ४०,०००' हे खेळ निघाले. त्यांची नियमपुस्तके चांगली जाडजूड, तरीही त्यांत एक सल्ला असतो: नियमाचा अर्थ लागला नाही आणि दोघांचे जमले नाही, तर फासा टाका आणि खेळ पुढे न्या. इतकी पाने लिहून झाल्यावर असा सल्ला देणारा माणूस मला फार शहाणा वाटतो.

हे सारे मला कळले ते पुण्याच्या मामेभावामुळे. दोन वर्षांपूर्वी तो दिवाळीला बेळगावात आमच्याकडे आला, तेव्हा आमच्या गल्लीतला किल्ला तयार होत होता. दगड, विटा, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल, चिखलावर पेरलेले अळीव, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. हे सर्व पाहून तो म्हणाला, "अरे, लोक यासाठी टेबलांवर खोटे डोंगर बांधतात. तुमच्याकडे रणांगण तयार आहे आणि तुम्ही ते नुसते बघत बसता?" झाले. दुसऱ्या दिवसापासून किल्ल्यावर लढाई सुरू झाली. विसाव्या वर्षी हे शोभते का, असे आईने विचारले. वेल्सने आपल्या पुस्तकाच्या नावाखालीच खेळणाऱ्याचे वय १२ ते १५० असे देऊन ठेवले आहे, हे उत्तर तिला पटले नाही.

एक गोष्ट मात्र कोणीही न सांगता ठरली. गडावर सिंहासनावर बसलेली महाराजांची मूर्ती खेळात नाही. तिच्यावर फासा टाकायचा नाही, तिच्यापासून अंतर मोजायचे नाही. हा एकमेव नियम आम्ही कधी लिहिला नाही आणि त्याच्यावरून कधी वादही झाला नाही.

बाकीचे नियम लिहावे लागले, आणि तेही दोनदा. आमच्या गल्लीत समोरासमोर मराठी आणि कन्नड घरे आहेत. समोरच्या घरातला माझा मित्र आणि त्याची सातवीतली बहीण दोघेही कन्नड माध्यमाचे. त्यांना मराठी बोलता उत्तम येते, वाचायला वेळ लागतो. माझे कन्नडचे तसेच. म्हणून एका मोठ्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे मी मराठीत लिहिले, उजवीकडे मित्राने कन्नडात. एकूण चौदा कलमे झाली. मावळ्याने एका डावात सहा इंच चालावे, चढावर तीन, फाशावर चार किंवा अधिक पडले तर वार लागला, वगैरे.

पहिला वाद अळिवाचा. पेरून पाच दिवस झाले होते आणि रोपे मावळ्याच्या छातीपर्यंत आली होती. आत उभा असलेला मावळा शत्रूला दिसतो की नाही? 'दिसत असल्यास मारा करता येईल' एवढेच कलमात होते. मामेभाऊ म्हणाला, याला जगभर एकच उपाय, पोटावर झोपा आणि आपल्या सैनिकाच्या डोक्यामागून बघा. आम्ही आळीपाळीने अंगणात पालथे पडलो. मावळा दिसत नव्हता, पण त्याची उगारलेली तलवार रोपांच्या वर चमकत होती. तलवार दिसली म्हणजे मावळा दिसला काय? मित्राची बहीण म्हणाली, "तलवार मेली तर मरू दे, माणूस का मरायचा?" हे तिचे वाक्य पुढे जसेच्या तसे कलम झाले: शस्त्र, झेंडा आणि फेट्याचा तुरा दिसला तर तो माणूस दिसला असे धरू नये.

दुसरा वाद तिनेच काढला. मी लिहिले होते, 'आपल्या मावळ्याच्या आडून मारा करता येतो.' माझ्या मनात अर्थ स्वतःच्या बाजूचा मावळा. पण मराठीतला हा 'आपला' किती ऐसपैस शब्द आहे पाहा. स्वतःचा तो आपला, समोरच्याला मान देऊन म्हटला तरी आपला, आणि आपणा सर्वांचा तोही आपलाच. कन्नडात मित्राने 'नम्म' लिहिले होते, म्हणजे आमचा, सर्वांचा. बहिणीने त्यावर बोट ठेवले आणि शांतपणे सांगितले की गल्लीतले सगळे मावळे नम्मच आहेत, तेव्हा ती कोणाच्याही आडून मारणार. तिचे म्हणणे ऐकून आम्हाला हसू आवरेना, पण खोडून काढता येईना. शेवटी 'आपला' जाऊन 'स्वतःच्या बाजूचा' आले.

हसण्यावारी गेलेले हे वाद. तिसरा तसा गेला नाही.

पाडव्याच्या संध्याकाळची गोष्ट. लढाई शेवटाला आली होती. माझी एक तोफ बुरुजाखाली होती आणि मित्राचा झेंडेवाला मावळा दरवाजाकडे निघाला होता. तो आत गेला तर किल्ला त्याचा. मी पट्टी लावली. मावळ्याच्या बैठकीची कडा बरोबर सहा इंचांच्या रेघेवर. कमी नाही, जास्त नाही. मराठी कलम म्हणत होते, 'तोफेचा मारा सहा इंचांपर्यंत.' कन्नड कलम म्हणत होते, 'आरु इंचिन ओळगे.' ओळगे म्हणजे आत.

शाळेत आपण 'पाचव्या धड्यापर्यंत अभ्यास' म्हणतो तेव्हा पाचवा धडा धरूनच म्हणतो. तेव्हा पर्यंतमध्ये सहावा इंच आला, मावळा मेला. मित्र म्हणाला, "उंबऱ्यावर उभा असलेला माणूस घराच्या आत असतो का?" त्यांच्या पायरीवर त्याची अज्जी बसली होती. तिने कन्नडात हिरण्यकश्यपूची आठवण करून दिली. घरात मरण नाही आणि बाहेरही मरण नाही असा वर त्याने मागून घेतला होता, म्हणून नरसिंहाने त्याला उंबऱ्यावर मारले. मला वाटले दाखला माझ्या बाजूचा, कारण उंबऱ्यावरचा मेला ना! मित्राने तो तात्काळ उलटवला: उंबरा म्हणजे आत नव्हे, हे साक्षात देवाने मान्य केले म्हणूनच तो तिथे मेला. यावर मला बोलण्यासारखे काही उरले नाही. मात्र माझ्या कलमात 'आत' हा शब्दच नव्हता.

पट्टी उलटी करून पाहिली, तर घोटाळा वाढला. शाळेच्या पट्टीला एका कडेला सहा इंच असतात आणि दुसऱ्या कडेला पंधरा सेंटिमीटर. सहा इंच म्हणजे १५.२४ सेंटिमीटर, सुमारे पाव सेंटिमीटरचा फरक. इंचांच्या कडेने मावळा रेघेवर, सेंटिमीटरच्या कडेने तो पल्ल्याच्या बाहेर.

एवढ्यात रस्त्याने जाणारे एक गृहस्थ थांबले. ते मुलांचा खेळ कौतुकाने बघत होते. वाद काय आहे हे विचारून घेतल्यावर ते सहज म्हणाले, "मूळ नियम कोणत्या भाषेत लिहिला? मूळ असेल ते खरे." त्यांना वाईट काही म्हणायचे नसावे. पण अंगण एकदम गप्प झाले. माझ्याकडची दोन मुले माझ्यामागे येऊन उभी राहिली, समोरची तिघे मित्रामागे. तोपर्यंत बाजू मिसळलेल्या होत्या. मित्राची बहीण माझ्या सैन्यात होती आणि माझा धाकटा भाऊ त्याच्या. ती दोघे मध्येच उभी राहिली, कोणाकडे जावे ते न कळून. बेळगावात राहणाऱ्याला पुढचे सांगायला नको. दुकानाच्या पाटीपासून सभेतल्या भाषणापर्यंत हा प्रश्न आम्ही जन्मापासून ऐकत आलो आहोत, आणि तो एकदा अंगणात शिरला की किल्ला, मावळा, तोफ यांतले काहीच उरत नाही.

मित्र मला म्हणाला, "मी माझा रकाना वाचून खेळलो. तू तुझा वाचून खेळलास. मूळ-बिळ काही नाही."

"नाही," मी म्हटले.

मग मामेभावाने फाशाचा उपाय काढला. मला फासा मुळात आवडत नाही. सगळ्याच वादांना फासा लावला तर ज्याचे म्हणणे अगदीच पोकळ आहे त्यालाही निम्मा वाटा मिळतो, आणि असा माणूस मग दर डावाला नवा वाद काढतो. निम्मे वाद जिंकायला डोके लागत नाही, तोंड लागते. हे मी बोलून दाखवले, तेव्हा मामेभावाने त्याला एक अट जोडली. फासा हातात घेण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू स्वतः मांडायची, आणि ज्याची बाजू त्याने 'हो, हेच माझे म्हणणे' असे म्हणायचे. असे म्हणता येण्याइतका अर्थ ज्या बाजूत नाही, तिला फासा नाही. मी माझ्या मोडक्या कन्नडात ओळगे समजावून सांगितले. मित्राने मराठीत पर्यंत सांगितले, आणि खरे म्हणजे माझ्यापेक्षा बरे सांगितले. अज्जी माझ्या कन्नडला हसली. मागे येऊन उभी राहिलेली मुले पुढे येऊन किल्ल्याभोवती बसली.

एक, दोन, तीन पडले तर पर्यंत. चार, पाच, सहा पडले तर ओळगे. पाच पडले. झेंडेवाला वाचला, पुढच्या डावात दरवाजातून आत गेला, आणि किल्ला माझ्या हातून गेला. चढ मोजताना फासा कलंडून दगडाला टेकला असता तर पुन्हा टाकता आला असता, कारण तिरका फासा पुन्हा टाकावा असे कलम होते. पण तो अगदी सपाट पडला होता.

त्या वेळी आमचा व्यापारी कायद्याचा पेपर चालू होता. भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम २९ म्हणते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार शून्य. त्याखालचे उदाहरण मजेदार आहे. अ ने ब ला शंभर टन तेल विकण्याचे कबूल केले, पण कोणते तेल ते कुठेच दिसत नाही. करार रद्द. पूर्वी हे उदाहरण मला बावळटपणाचे वाटे. तेल कोणते हे विचारल्याशिवाय शंभर टन कोण घेतो? त्या पाडव्यानंतर वाटेनासे झाले. दोघांच्याही डोळ्यांपुढे आपापले तेल इतके स्पष्ट असते की विचारायचे सुचतच नाही.

पण आमचा करार शून्य धरून भागणार नव्हते. भाऊबीजेला पुन्हा लढाई होती. म्हणून दुसरे एक तत्त्व लावून पाहिले, जे विम्याच्या संदर्भात आम्हाला शिकवतात. कलम संदिग्ध असेल तर ज्याने ते लिहिले त्याच्याविरुद्ध अर्थ घ्यावा, कारण नीट लिहिणे त्याच्या हाती होते. तत्त्व न्याय्य आहे. आता लावा. मराठी रकाना माझा, तेव्हा तो माझ्याविरुद्ध वाचायचा, मावळा जिवंत. कन्नड रकाना मित्राचा, तो त्याच्याविरुद्ध वाचायचा, मावळा मेला. इंग्रज न्यायाधीशांनी शतकानुशतके घासून गुळगुळीत केलेले तत्त्व आमच्या अंगणात पाच मिनिटांत जागच्या जागी येऊन उभे राहिले. 'वॉरहॅमर'च्या नव्या आवृत्त्यांत 'आत' आणि 'पूर्णपणे आत' असे दोन वेगळे शब्दप्रयोग ठरवून दिलेले आहेत, असे मामेभावाने सांगितले. तोही उपाय चांगला, पण तो एका भाषेपुरता. आम्हाला प्रत्येक शब्दाचे जोडपे लावायचे, म्हणजे दुप्पट फटी.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे कागद घेऊन पायरीवर बसलो. कलम कोणत्या बाजूने लिहायचे? दुसऱ्या दिवशी तोफ कोणाकडे येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरायचे होते, म्हणजे त्या रात्री ते दोघांनाही माहीत नव्हते. हे फार सोयीचे झाले. तासाभरापूर्वी मी पर्यंतसाठी जीव टाकत होतो, आता मला दोन्ही सारखेच वाटत होते. त्यालाही. अडचण फक्त शब्दांची होती, आणि ती मित्राच्या बहिणीने सोडवली. ती आतून शिवणाचा दोरा घेऊन आली, पट्टीला लावून सहा इंचांवर तोडला आणि एक टोक तोफेच्या तोंडाला बांधले. दोरा ताणून मावळ्याच्या बैठकीला टेकला तर गोळा लागला, नाही टेकला तर नाही. मी लिहिले 'टेकल्यास', त्याने लिहिले 'ताकिदरे'. इंच गेले, पर्यंत गेले, ओळगेही गेले. कागदाच्या तळाशी दोन्ही रकान्यांना मिळून एकच ओळ घातली: दोन्ही रकाने मूळ आहेत, फरक सापडला तर त्या डावापुरता फासा, आणि त्याच रात्री दोन्ही रकाने दुरुस्त.

भाऊबीजेला तोफ पुन्हा माझ्याकडेच आली. दोरा दोन मावळ्यांना टेकला.

तो कागद आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे. गेल्या दिवाळीपर्यंत चौदाची बावीस कलमे झाली. दोऱ्यावरूनही एकदा वाद झाला, कारण ओल्या चिखलात पडून तो आखडला असे माझ्या भावाचे म्हणणे पडले. तेव्हापासून दोरा दर लढाईपूर्वी पट्टीला लावून पाहतात, आणि तोही इंचांच्या कडेला. हे मात्र दोन्ही रकान्यांत अंकांत लिहिले आहे. तेविसावे कलम अजून रिकामे आहे. लढाई ऐन रंगात असताना समोरच्या घरचे मांजर गडावरून चालत गेले आणि चार मावळे दरीत पडले. त्यांतले तीन मित्राचे, एक माझा. मित्राच्या मते ते मेले नाहीत, कारण फासा पडलेला नाही. माझ्या मते उंचावरून पडणारा मरतो हे अकरावे कलम आहे, आणि कोणी पाडले हे त्यात विचारलेले नाही. त्याची बहीण म्हणते, आधी मांजर कोणत्या बाजूचे ते ठरवा.